त्याच्या आईसमोर त्याचं नाव काढावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. शेजारच्या घरातला, माझ्या मुलाच्याच वर्गातला एक मुलगा निम्मा आमच्याकडे वाढला. मला काकू म्हणायचा, बटाटेवडे केले की न बोलावता हजर. शाळा संपल्याबरोबर मरीन कोअरमध्ये भरती झाला. 2011 मध्ये अफगाणिस्तानात, हेल्मंद प्रांतात मारला गेला. वीस वर्षांचा होता, लान्स कॉर्पोरल. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत दफन झालं तेव्हा आम्ही सगळे होतो. त्यानंतर मात्र त्याच्या आईशी येताजाता हात हलवणं एवढंच उरलं. जखमेवरची खपली निघायला नको म्हणून त्याचा विषय आम्ही कधी काढलाच नाही. आता त्यांनीच विचारलंय, 'या मेमोरियल डेला तुम्ही याल का?' काय न्यायचं, काय बोलायचं, सुचत नाही. सासूबाई म्हणतात, तिथे दिवा लावू, नारळ ठेवू. मुलाला फेसबुकवर लिहायचंय आणि मित्राच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. आमच्या हातून काही चुकीचं होऊ नये.
— एक काकू

काकू,

आधी त्यांना 'येतो' म्हणून कळवा, आणि आजच कळवा. 'बघून सांगते' म्हणू नका. ज्या आईने इतक्या वर्षांनी आपणहून विचारलं, तिला उत्तराची वाट बघायला लावणं बरं नव्हे.

आता खपलीबद्दल. तुम्ही नाव काढलंत म्हणून त्यांना मुलाची आठवण येईल, असं होत नाही. ती दिवसभर असतेच. मुलगा गेलेल्या आईला वेगळीच भीती असते, की आपल्याशिवाय त्याला कोणी आठवत नाही. सगळे जपून गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ घरात 'विसरले' असा लागतो. तेव्हा नाव काढा, पहिल्या पाच मिनिटांतच काढा. इतकी वर्षं बोललो नाही याबद्दल एक वाक्य पुरे: 'तुम्हाला त्रास होईल या भीतीने बोलले नाही, पण आमच्या घरी त्याचं नाव निघतं.' त्यापुढे माफीनामा लांबवू नका, नाहीतर तुमचीच समजूत घालायचं काम त्यांच्यावर येतं.

काही वाक्यं मात्र घरीच ठेवून जा. 'देवाची इच्छा', 'आता सावरला असाल', 'निदान त्याला फार सोसावं लागलं नसेल' यांतलं एकही नको. 'देशासाठी गेला' हे त्या म्हणाल्या तर मान डोलवा, आपण सुरुवात करू नका. काही घरांना त्या वाक्याचा आधार असतो, काहींना ते ऐकवत नाही. 'कसा गेला?' हे अजिबात विचारू नका. हेल्मंदमध्ये कित्येक जण जमिनीत पुरलेल्या स्फोटकांनी गेले, आणि तो तपशील आईला कितपत सांगितला गेला, तिने किती ऐकून घेतला, हे तिचं तिलाच ठाऊक. युद्धाचं काय झालं, तालिबान परत आलेच ना, हा विषय काढायचा नाही, असं घरातल्या पुरुषमंडळींनाही आधीच बजावून ठेवा. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं आणि 26 तारखेला विमानतळाच्या ॲबी गेटपाशी झालेल्या स्फोटात 13 अमेरिकन सैनिक गेले, त्यांत 11 मरीन होते. त्या आठवड्यात 'मग माझा मुलगा कशासाठी गेला?' हा प्रश्न किती घरांनी स्वतःला विचारला असेल! त्याचं उत्तर पाहुण्याने द्यायचं नसतं. त्या स्वतः त्यावर बोलल्या तर ऐका, वाद घालू नका आणि दुजोरा द्यायचीही घाई करू नका.

एक शब्द सांभाळा. तो सोल्जर नव्हता, मरीन होता. अमेरिकेत सोल्जर म्हणजे आर्मीचा माणूस. मरीन कोअर हे वेगळं दल आहे, त्याला स्वतःचा इतिहास आहे (स्थापना 10 नोव्हेंबर 1775, फिलाडेल्फिया), आणि मरीनच्या घरी हा फरक फार जपला जातो. तसंच 'हॅपी मेमोरियल डे' म्हणू नका. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणारा हा दिवस फक्त सेवेत मृत्यू आलेल्यांचा आहे. हयात असलेले आणि नसलेले, सेवा केलेले सगळे, त्यांचा दिवस 11 नोव्हेंबर, व्हेटरन्स डे. गाद्यांच्या सेलच्या जाहिराती त्या सोमवारी 'हॅपी' म्हणतच असतात; त्यात तुमच्या घरातून भर नको.

प्रत्यक्ष दिवसाचं सांगते. दफनभूमी सकाळी 8 वाजता उघडते, 5 वाजता बंद होते, प्रवेश फुकट आहे. आत जाताना सुरक्षा तपासणी होते आणि मोठ्यांना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. सासूबाई भारतातून आल्या असतील तर त्यांचा पासपोर्ट विसरू नका. मेमोरियल डेला अज्ञात सैनिकांच्या समाधीपाशी राष्ट्रीय कार्यक्रम असतो, त्यामुळे रस्ते अडवतात आणि पार्किंगची आशा धरण्यात अर्थ नाही. मेट्रोची ब्लू लाइन घ्या, 'आर्लिंग्टन सेमेटरी' असंच स्टेशन आहे. कुटुंबाकडे गाडी थेट आत न्यायचा पास असतो. त्याची आई 'आमच्या गाडीतून चला' म्हणाली तर सासूबाईंना त्या गाडीत बसवा, बाकीच्यांनी चालत जा. इराक-अफगाणिस्तानमधले बरेच जण सेक्शन 60 मध्ये आहेत. तोही तिथेच असेल तर प्रवेशद्वारापासून पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. त्या भागात सावली कमी आणि मेअखेरचं ऊन बेताचं नसतं, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. पाण्याखेरीज खाणंपिणं आत चालत नाही. तेव्हा वडे तिथे नेऊ नका. परतल्यावर आपल्या घरी या म्हणावं, आणि पीठ-सारण तयार ठेवून गरम तळा.

कबर शोधायला दफनभूमीचं स्वतःचं 'एएनसी एक्स्प्लोरर' ॲप आहे. नाव टाकलं की सेक्शन, कबरीचा क्रमांक आणि शिळेचा फोटो दिसतो. आदल्या रात्री तो फोटो उघडून नीट वाचा. नाव, हुद्दा, 'यूएस मरीन कोअर', जन्माची आणि मृत्यूची तारीख, पदकं, कोणती मोहीम, आणि खाली कुटुंबाने निवडलेली एखादी ओळ असेल तर ती. पुढे मुलगा जे काही लिहील त्यातला हुद्दा, तारीख, नावाचं स्पेलिंग या शिळेवरून घ्यायचं, आठवणीतून नाही.

शिळा उभी, पांढऱ्या संगमरवराची असते: एकूण 42 इंच लांब (त्यातला काही भाग जमिनीत असतो), 13 इंच रुंद, 4 इंच जाड. सेनापती असो की लान्स कॉर्पोरल, सरकारी शिळा ह्याच मापाची. त्या दिवशी प्रत्येक शिळेपुढे एक छोटा झेंडा रोवलेला दिसेल. आर्मीची तिसरी इन्फंट्री रेजिमेंट, जिला 'ओल्ड गार्ड' म्हणतात, ती आदल्या गुरुवारी हे काम करते. बुटाचं टोक शिळेला लावायचं आणि टाच टेकते तिथे झेंडा, म्हणजे सगळ्या रांगा एका रेषेत येतात. तो झेंडा हलवू नका, आठवण म्हणून घरी आणू नका, आपला वेगळा झेंडाही नेऊ नका.

आजूबाजूला काय दिसेल, त्याचीही कल्पना असू द्या. कोणी घडीच्या खुर्च्या मांडून बसलेलं असेल, कोणी गवतावर चादर टाकून आडवं, कोणी हसत असेल, एखादं पोर शिळेभोवती पळत असेल. सेक्शन 60 मध्ये तो दिवस असाच जातो. वर्षभर एकट्याने रडणारी माणसं तिथे एकमेकांना भेटतात. तुम्हाला ते वेडंवाकडं वाटून घ्यायचं नाही, आणि आपण पांढरे कपडे घालून गंभीर चेहऱ्याने उभं राहायलाच हवं असंही नाही. साधे, नीट कपडे. त्या बसल्या तर तुम्ही बसा. शिळेला टेकू नका, तिच्यावर पर्स ठेवू नका.

शिळेच्या माथ्यावर नाणी दिसली तर हात लावू नका. अमेरिकन सैनिकांत रूढ झालेला अर्थ असा: पेनी, म्हणजे एक सेंट, 'मी येऊन गेलो'. निकेल, पाच सेंट, 'आपण भरतीनंतरच्या प्रशिक्षणात एकत्र होतो'. डाइम, दहा सेंट, 'एकत्र नोकरी केली'. क्वार्टर, पंचवीस सेंट, 'तू गेलास तेव्हा मी तिथे होतो'. तुम्ही आणि मुलगा पेनी ठेवू शकता. जास्त किमतीचं म्हणून क्वार्टर ठेवाल तर घोटाळा होईल: तो गेला तेव्हा त्याच्याजवळ असलेलं कोण इथे येऊन गेलं, याचा विचार त्याची आई ते नाणं बघून करत बसेल. खरंच क्वार्टर असलं तर ते त्यांचं त्यांना बघू द्या, फोटो काढून पाठवू नका.

फुलं ताजी न्या. झेंडू, शेवंती, गुलाब, काहीही चालेल, पण आधी त्यांना विचारा, कारण त्याची ठरलेली फुलं असू शकतात. सेलोफेन आणि तार घरीच काढून टाका. गवत कापायच्या यंत्रात तार अडकते. देठ तिरके कापून ओल्या कागदी रुमालात गुंडाळले की दोन-तीन तास टिकतात. काचेची फुलदाणी चालत नाही. हार शिळेला घालायचा नाही, बांधायचा नाही.

आता सासूबाई. त्यांच्या मनातलं अगदी खरं आहे, त्यांना 'इथे असलं चालत नाही' असं तोडून सांगू नका. पण दिवा, मेणबत्ती, काहीही पेटतं तिथे ठेवायला मनाई आहे. नारळ आणि प्रसाद ठेवला तर खारी आणि पक्षी येतात आणि कर्मचाऱ्यांना उचलावं लागतं. हळद, कुंकू, गुलाल, तेल यांचा तर थेंबही शिळेजवळ नको. संगमरवर सच्छिद्र असतो, हळदीचा पिवळा डाग आत मुरतो. मग कोणीतरी ओल्या रुमालाने पुसायला जातं आणि डाग पसरतो, कोणी ब्लीच वापरतं आणि दगडाचा वरचा थर खडबडीत होऊन त्यात पुढे आणखी घाण धरते. शिळा साफ करणं हे दफनभूमीचं काम आहे. फार तर पक्ष्याची शीट दिसली तर साध्या पाण्याने, हाताने धुवा.

दिवा घरी लावायचा, आणि सासूबाईंनीच लावायचा. आपल्याकडे भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध करतात, तिला घातचतुर्दशी म्हणतात. महालयात तर रक्ताच्या नात्याबरोबर गुरू, मित्र, आप्त यांचीही आठवण धरलेली आहे, त्यामुळे नातवाच्या मित्राचं नाव घेऊन पाणी सोडायला आपल्या रीतीत जागा आहे. हे तुमच्या घरातलं, तुमच्या समाधानासाठी. त्यांचा धर्म वेगळा असेल तर त्यांच्या मुलासाठी कबरीपाशी आपल्या पद्धतीचा विधी करू नका. नंतर, चहा घेताना, 'आमच्या सासूबाई दर वर्षी त्याच्या नावाने दिवा लावणार आहेत, तुमची हरकत नाही ना?' असं विचारा. शिळेवर कोणत्या धर्माचं चिन्ह आहे तेही आधी बघून ठेवा.

हे झालं त्या एका दिवसाचं. पण काकू, तुमच्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती ओळ बटाटेवड्यांची. त्याच्या आईकडे दफनाच्या वेळी दिलेली झेंड्याची तिकोनी घडी आहे, पदकं आहेत, अधिकाऱ्यांची पत्रं आहेत. त्या सगळ्यात तो मरीन आहे. त्याने ते तीन अक्षरी नाव मिळवलं त्याच्या आधीची अठरा वर्षं मात्र ज्या दोन-तीन घरांत सांडलेली आहेत त्यांतलं एक तुमचं आहे, आणि तिथे काय काय झालं हे त्याच्या आईने पाहिलेलंच नाही. ते गोळा करून त्यांच्या हातात द्या. शिष्यवृत्तीपेक्षाही आधी हे.

आठवणी लिहायला बसताना 'प्रेमळ', 'हसतमुख', 'शूर' हे शब्द बाजूला ठेवा. तसलं त्यांना शेकडो कार्डांतून मिळालेलं आहे. एका कागदावर एकच प्रसंग, वरती इयत्ता किंवा वर्ष. तो कुठे बसला होता, अंगात काय होतं, काय म्हणाला. 'त्याला आपलं जेवण आवडायचं' याने काही मिळत नाही. 'सहावीत होता. लसणाची चटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी तिखट लागलं नाही म्हणाला आणि सिंकपाशी उभा राहून दूध प्यायला,' असं काही तुम्हाला आठवत असेल तर ते लिहा. खोड्याही लिहा. काच फोडली असेल, दोघांनी मिळून खोटं बोललं असेल, सगळं. गेलेल्याला देव्हाऱ्यात बसवलं की आईला तिचा मुलगा परत मिळत नाही. इंग्रजीत लिहा, पण तो जे मराठी शब्द बोलायचा ते तसेच ठेवा, उच्चारासकट. तुम्ही, यजमान, मुलगा, सासूबाई, प्रत्येकाने वेगळं लिहावं; सासूबाईंनी सांगावं, कोणीतरी उतरवून घ्यावं. एकमेकांचं वाचून दुरुस्त करू नका. दोन जणांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर तशाच राहू द्या. मिळून आठ-दहा कागद झाले तरी खूप झाले.

मग फोटो. मुलाच्या वाढदिवसांचे, शाळेच्या सहलींचे, दिवाळीचे अल्बम काढा आणि ज्या फोटोंत तो कोपऱ्यात, अर्धवट, पाठमोरा आहे तेही वेगळे करा. पाठमोरे कशाला, असं म्हणू नका. इवो जिमावर झेंडा उभारतानाचा जो जगप्रसिद्ध फोटो आहे, 23 फेब्रुवारी 1945 चा, त्यात खाली वाकून काठी रोवणारा जो मरीन आहे त्याचा चेहरा दिसत नाही. मरीन कोअरने त्याला दुसराच कोणी ठरवला होता. टेक्ससमधल्या एका आईने, बेल ब्लॉक यांनी, पेपरातला तो फोटो बघताच 'हा आमचा हार्लन' म्हणून सांगितलं, नुसत्या पाठीवरून. हार्लन ब्लॉक 1 मार्च 1945 ला त्याच बेटावर मारला गेला. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. 1946 मध्ये फोटोतलाच एक मरीन, आयरा हेज, टेक्ससला जाऊन त्याच्या वडिलांना भेटला, आणि जानेवारी 1947 मध्ये नाव अधिकृतपणे दुरुस्त झालं. त्याच फोटोतली आणखी दोन नावं पुढे 2016 आणि 2019 मध्ये बदलावी लागली. आई पाठ ओळखते, तेव्हा एकही फोटो 'हा कशाला' म्हणून गाळू नका. आणि नावं लिहिताना सरकारी यंत्रणाही चुकते, तर आपण दोनदा तपासावं.

फोटो मोबाइलने टिपू नका, स्कॅन करा. 4 बाय 6 इंची प्रिंट 600 डीपीआयवर स्कॅन केली की 2400 बाय 3600 पिक्सेल मिळतात. पाठमोरा मुलगा मोठा करून बघायला तेवढं लागतंच. एक प्रत टिफमध्ये जपून ठेवायला, एक जेपेगमध्ये द्यायला. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी किंवा काचेचा स्प्रे लावू नका. नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढाल तर तो सोलून निघेल. दात साफ करायचा धागा फोटोमागे एका कोपऱ्यातून सरकवत हळूहळू करवतीसारखा चालवा. तरी निघत नसेल तर अख्खं पान तसंच स्कॅन करा. प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिलीने, कडेला, वर्ष आणि कोण कोण ते लिहा. निगेटिव्ह सापडल्या तर त्याही द्या.

आणि कॅसेटी. 2000 च्या आसपास तुमच्या घरी कॅमकॉर्डर असणार आणि वाढदिवस टिपलेले असणार. त्यात त्याचा आवाज असू शकतो. आईकडे कितीही फोटो असोत, आवाज फार थोड्या जणींकडे असतो. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर आधी तिच्या कडेची छोटी सरकपट्टी 'सेव्ह'कडे करा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड व्हायचं नाही. टेपवर पांढुरकी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालूच नका, टेप वाचवणाऱ्या माणसाकडे द्या. टेप स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं पडून असलेली टेप गुंडाळीत घट्ट बसलेली असते. मधेच किंचाळल्यासारखा आवाज आला की थांबवा. जमल्यास ज्या कॅमकॉर्डरने टिपलं त्याच्यावरूनच उतरवा, कारण टेप वाचणाऱ्या हेडची मांडणी जुळते आणि चित्र फाटत नाही. फायरवायर केबलने संगणकावर उतरवलं तर तासाला साधारण 13 जीबी जागा लागते. आजच्या संगणकाला ते सॉकेट नसतं, तेव्हा दुकानातून करून घेणं सोपं. पण 'मूळ डीव्ही फाइलही द्या' असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते दाबलेली छोटी फाइल देऊन मोकळे होतात. कॅसेट पोस्टाने पाठवू नका, हाताने नेऊन द्या.

पेनड्राइव्हबरोबर एक छापील कागद ठेवा: कोणती फाइल, कितव्या मिनिटाला तो दिसतो, कुठे बोलतो. 'दुसरी फाइल, 12 मिनिटं 40 सेकंद, केक कापताना मागून त्याचा आवाज,' असं. मग त्यांना एक तासाचा वाढदिवस चाळत बसावं लागत नाही. आणि कृपा करून हे व्हॉट्सॲपवर अचानक टाकू नका. कामाच्या ठिकाणी, गाडीत, फोन वाजला आणि मुलाचा आवाज आला, असं कोणावर आणू नये. समोर बसून सांगा: 'यात त्याचा आवाज आहे. हवं तेव्हा ऐका, नको असेल तर आमच्याकडे ठेवू.' मेमोरियल डेला देऊ नका, तो दिवस आधीच भरलेला असतो. एखादा साधा आठवडा निवडा.

तुमच्या मुलाकडे कदाचित पत्रंही असतील. मरीन भरतीनंतर 13 आठवडे पॅरिस आयलंड किंवा सॅन डिएगोला असतात, त्या काळात फोन हातात नसतो, लिहायचं ते कागदावर. जिवलग मित्राला त्याने चार ओळी नक्की खरडल्या असतील. ती पत्रं आधी मुलाने एकट्याने वाचावी. वीस वर्षांची मुलं मित्राला जे लिहितात ते सगळं आईसाठी नसतं. भीती, मुली, शिव्या. जे त्याने आईला दाखवलं नसतं ते तसंच राहू द्यावं, बाकीची प्रत द्यावी. मूळ पत्र कोणाकडे राहायचं हे मुलाने ठरवायचं, ते त्याच्या नावाने आलेलं आहे.

फेसबुकचं दोन गोष्टींवर ठरवा. लिहायच्या आधी आईला दाखवा. आणि पूर्ण जन्मतारीख, आईचं नाव, घराचा पत्ता, ठळक गणवेशातला फोटो असं सगळं एकत्र उघड्या पोस्टवर ठेवू नका: गणवेशातले फोटो उचलून खोट्या ओळखीने बायकांना फसवणाऱ्या टोळ्या आहेत, आणि स्वतःच्या गेलेल्या मुलाचा चेहरा भलत्या नावाखाली बघणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. सेक्शन 60 मधले फोटो टाकताना शेजारच्या शिळा आणि माणसं वगळा.

शिष्यवृत्तीची घाई नको. आधी विचारा की कुटुंबाने आधीच काही निधी केला आहे का. असेल तर त्यात भर घाला, दुसरा काढू नका. नसेल, तर परवानगी कोणाची, ते बघा. त्याचं लग्न झालं असेल तर पत्नीची, आईवडील वेगळे झाले असतील तर दोघांची. पैसे मुलाच्या खात्यात अजिबात जमवायचे नाहीत; देणगीदारांना करात सवलत मिळत नाही आणि पुढे हिशेबावरून मैत्री तुटते. कम्युनिटी फाउंडेशनमध्ये कायमनिधी ठेवता येतो, पण वर्षाला त्यातले चार-पाच टक्केच वाटता येतात. 25,000 डॉलर ठेवले तर हातात हजार-सव्वाहजार. तेवढे जमत नसतील तर त्याच्या शाळेतल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत, तो ज्या खेळात किंवा वाद्यवृंदात होता तिथल्या एका मुलाला दर वर्षी 500 डॉलर द्या. पाच वर्षांचे अडीच हजार आधी बाजूला काढा, मगच जाहीर करा. तिसऱ्या वर्षी बंद पडलेला पुरस्कार कुटुंबाला पुन्हा एकदा 'विसरले' म्हणून सांगतो.

एवढं एकदम झेपत नसेल तर नुसत्या तारखा धरा. सप्टेंबरचा शेवटचा रविवार गोल्ड स्टार मदर्स डे, युद्धात मूल गेलेल्या आयांचा. 10 नोव्हेंबरला मरीन कोअरचा वाढदिवस आणि दुसऱ्याच दिवशी व्हेटरन्स डे, हे दोन दिवस त्यांना लागोपाठ जातात. डिसेंबरातल्या एका शनिवारी स्वयंसेवक कबरींवर हिरव्या डहाळ्यांची गोल चक्रं (रीथ) ठेवतात आणि ठेवताना नाव मोठ्याने वाचतात. मुलाने त्यात नाव नोंदवावं. त्याचा स्वतःचा वाढदिवस तर आहेच. मृत्यूची तारीख मात्र त्यांना विचारून घ्या. शिळेवरची तारीख हेल्मंदमधली असते. गणवेशातले मरीन दाराशी येऊन उभे राहिले तो दिवस कधीकधी वेगळा असतो, आणि काही आया तोच पाळतात.

शेवटी तुमच्या मुलाबद्दल. पत्रात तो फेसबुक आणि शिष्यवृत्तीपुरताच आला, पण त्याचाही मित्र गेलेला आहे आणि त्याला कोणी कधी विचारलं नसावं. मित्राला झेंड्याची घडी मिळत नाही, रजा मिळत नाही. मेमोरियल डेच्या आधी एखाद्या साध्या दिवशी, सकाळी 8 ला, त्याने एकट्याने जाऊन यावं; आईसमोर उभं राहण्याआधी त्याचं काय व्हायचं ते तिथे होऊ द्यावं. सैन्यातल्या मृत्यूंमागे राहिलेल्यांसाठी 1994 पासून 'टॅप्स' नावाची संस्था काम करते, आणि मित्रांनाही ती आपलंच मानते. वर्षं लोटली म्हणून त्यांच्याकडे जायला उशीर झाला, असं नसतं. सोबत जाऊ का, एवढं तुम्ही त्याला विचारा. नको म्हणाला तर मेट्रो स्टेशनवर सोडा आणि परत न्यायला किती वाजता यायचं ते ठरवून घ्या.